अंगुलिमुद्रा-पुरावा : ग्राह्यता व विश्वसनीयता

गुन्ह्याच्या स्थळी अथवा गुन्ह्याशी संबंधित वस्तूवर आढळलेला बोटाचा ठसा अमुक एका व्यक्तीच्या बोटाचाच आहे, हे तुलनेने दाखवून त्या व्यक्तीची ओळख न्यायालयापुढे सिद्ध करण्यासाठी दिला जाणारा पुरावा म्हणजे अंगुलिमुद्रा-पुरावा होय. फौजदारी न्यायालयांत शास्त्रीय स्वरूपाचा जो पुरावा दिला जातो, त्यात याचे स्थान सर्वांत जुन्या व सर्वांत प्रतिष्ठित प्रकारांत आहे. त्याच्या संदर्भात दोन प्रश्न निरनिराळे ठेवावे लागतात. न्यायालयाने असा पुरावा ऐकून घ्यावा की नाही, हा ग्राह्यतेचा प्रश्न. आणि ऐकून घेतल्यावर त्याच्यावर किती भिस्त ठेवावी, हा विश्वसनीयतेचा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचा निकाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी अवघ्या काही वर्षांत लागला. दुसऱ्या प्रश्नाची पद्धतशीर चिकित्सा मात्र सुमारे शंभर वर्षे झालीच नाही. या विलंबाची कारणे समजण्यासाठी अंगुलिमुद्रांचा न्यायालयात प्रवेश कसा झाला, हे पाहणे आवश्यक आहे.

उगम : बोटांच्या टोकांवरील त्वचेवर बारीक कंगोरे असतात. त्यांच्यामुळे कमान, पाश, चक्र अशा आकृती तयार होतात. बोहीमियात जन्मलेले शरीरक्रियावैज्ञानिक यान पुर्किन्ये यांनी १८२३ मध्ये या आकृतींचे वर्णन व वर्गीकरण केले. परंतु व्यक्तीची ओळख पटविण्यासाठी त्यांचा उपयोग होईल, असे त्यांनी सुचविले नव्हते. तो उपयोग प्रथम हिंदुस्थानात झाला. बंगालमधील जंगीपूर येथील मुलकी अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये रस्त्याच्या खडीचा पुरवठा करणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारपत्रावर घेतला. पुढे करार नाकारता येऊ नये, एवढाच त्यांचा त्या वेळी हेतू होता. हुगळी येथे दंडाधिकारी असताना १८७७ मध्ये त्यांनी निवृत्तिवेतन घेणारे लोक, दस्तऐवज नोंदविणारे पक्षकार व कैदी यांचे बोटांचे ठसे घेण्याची प्रथा सुरू केली. एका माणसाऐवजी दुसऱ्याने निवृत्तिवेतन उचलणे किंवा शिक्षा भोगणे, अशा तोतयेगिरीला त्यामुळे आळा बसला. स्वतःच्या बोटांचे ठसे अनेक वर्षांच्या अंतराने घेऊन ते बदलत नाहीत, हेही हर्शेल यांनी पाहिले.

गुन्ह्याच्या स्थळी राहिलेल्या ठशांवरून गुन्हेगार शोधता येईल, ही कल्पना तोक्यो येथे काम करणारे स्कॉटिश डॉक्टर हेन्री फोल्ड्स यांनी १८८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील पत्रात मांडली. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८९२ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन निरनिराळ्या बोटांचे ठसे सर्वस्वी सारखे असण्याची शक्यता ६,४०० कोटींत एक एवढी अल्प आहे, असा अंदाज त्यांनी त्यात वर्तविला. पुढे न्यायालयांत वारंवार उद्धृत होणारी ही संख्या पूर्ण ठशासंबंधी होती. गुन्ह्याच्या स्थळी सापडणारा ठसा बहुधा अपूर्ण, पुसट किंवा वेडावाकडा असतो, या गोष्टीचा तिच्यात विचार नव्हता.

वर्गीकरण व दप्तर : बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्यापुढे १८९० नंतर वेगळीच अडचण होती. सराईत गुन्हेगार प्रत्येक वेळी नवे नाव सांगत. त्यांना ओळखण्यासाठी फ्रान्समध्ये आल्फाँस बर्तीयाँ यांनी शरीराच्या अवयवांची मोजमापे घेण्याची पद्धत प्रचारात आणली होती व ती बंगालमध्येही वापरली जात होती. परंतु मोजमापे घेणाऱ्याच्या हाताप्रमाणे त्यांत फरक पडे. बोटांचे ठसे या दोषापासून मुक्त होते. मात्र हजारो पत्रकांतून हवे ते पत्रक शोधून काढण्याची सोय नव्हती. ती सोय हेन्री यांच्या कचेरीतील अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांच्या परिश्रमामुळे झाली. दहा बोटांवरील चक्रांच्या स्थानांना अंक देऊन पत्रकांची १,०२४ गटांत विभागणी करण्याची गणिती योजना मुख्यतः हक यांची मानली जाते. ही पद्धत जगभर हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या दोन्ही हिंदी शिल्पकारांना सरकारने पुढे अनुक्रमे खानबहादूर व रायबहादूर या पदव्या दिल्या.

हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल चार्ल्स स्ट्रॅहन व रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेड्लर यांच्या समितीने १८९७ च्या मार्चमध्ये या पद्धतीची तपासणी करून अनुकूल अहवाल दिला व त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने तिचा अधिकृत स्वीकार केला. कलकत्त्याचे अंगुलिमुद्रा कार्यालय याच वर्षीचे. समितीने जे तपासले, ते दप्तर होते. शाई लावून, देखरेखीखाली, दहाही बोटांचे स्पष्ट ठसे घेतलेले असताना तीच व्यक्ती पुन्हा पकडली गेल्यास तिचे जुने पत्रक सापडते की नाही, एवढाच तिच्यापुढील प्रश्न होता. त्या कामी पद्धत उत्तम ठरली. अपूर्ण ठशावरून अनोळखी माणूस ओळखण्याचे काम याहून भिन्न व पुष्कळ अवघड आहे. परंतु पहिल्या कामात मिळविलेला लौकिक आपसूकच दुसऱ्या कामालाही लाभला. अंगुलिमुद्रा-पुराव्याच्या पुढील इतिहासातील बऱ्याच अडचणींचे मूळ येथे आहे.

जलपैगुरी खटला : या दोन कामांतील अंतर हिंदुस्थानातील पहिल्याच महत्त्वाच्या खटल्यात प्रकट झाले. १८९७ मध्ये जलपैगुरी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा त्याच्या बंगल्यात खून झाला व चोरीही झाली. त्याच्या कागदपत्रांत निळ्या वेष्टनाचे एक बंगाली पंचांग सापडले. त्याच्यावर तपकिरी डाग होते व त्यांतील एकात बोटाच्या कंगोऱ्यांच्या रेषा दिसत होत्या. हा ठसा कंगाली चरण या पूर्वी चोरीबद्दल शिक्षा झालेल्या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याच्या ठशाशी जुळला. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत, असे रासायनिक परीक्षकाने सांगितले. १८९८ मध्ये न्यायालयाने चोरीचा आरोप शाबीत धरला. परंतु केवळ या पुराव्यावरून खुनाबद्दल दोषी ठरविणे सुरक्षित नाही, असा निर्णय दिला. वरिष्ठ न्यायालयानेही तो कायम ठेवला.

या निर्णयातील तर्क आजही मननीय आहे. ठसा आरोपीचा आहे, हे न्यायालयाने नाकारले नाही. ठशावरून त्या माणसाचे बोट त्या वस्तूला लागले, एवढेच निष्पन्न होते. ते केव्हा लागले, कोणत्या परिस्थितीत लागले व खून कोणी केला, या गोष्टी ठसा सांगत नाही. त्या इतर पुराव्यांवरून अनुमानाने ठरवाव्या लागतात. फाशीची शिक्षा ज्या आरोपात संभवते, तेथे हे अनुमान तोकडे पडते, असे न्यायालयास वाटले.

ग्राह्यतेचा निकाल : १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे परकीय कायदा, शास्त्र, कला व हस्ताक्षराची ओळख यांसंबंधी तज्ञाचे मत ‘संबद्ध’ मानले जाई. अंगुलिमुद्रा त्यात येतात की नाही, याविषयी शंका राहू नये म्हणून १८९९ च्या ५ व्या अधिनियमाने या कलमात त्यांचा स्पष्ट उल्लेख घालण्यात आला. न्यायालयाने स्वतः तुलना करून पाहण्यासंबंधीचे कलम ७३ हेदेखील अंगुलिमुद्रांना लागू करण्यात आले. अशा प्रकारे कोणत्याही न्यायालयात तत्त्वाची सविस्तर चर्चा होण्यापूर्वीच विधिमंडळाने प्रश्न सोडविला. मात्र कायद्याने स्वीकारलेला शब्द ‘मत’ हा आहे, याकडे लक्ष दिले पाहिजे. तज्ञाचे म्हणणे हे मत असल्याने त्याची कारणे विचारता येतात, ते न्यायालयावर बंधनकारक नसते व अन्य पुराव्याच्या प्रकाशात ते पारखावे लागते. कलम ४५ व कलम ७३ एकत्र वाचली असता तज्ञाने आपली तुलना न्यायालयास दाखवावी आणि न्यायाधीशाने ती स्वतःच्या डोळ्यांनी समजून घ्यावी, अशी कायद्याची अपेक्षा दिसते.

इंग्लंडमध्ये लंडन पोलिसांचे अंगुलिमुद्रा कार्यालय १९०१ मध्ये हेन्री यांच्या देखरेखीखाली निघाले. १९०५ मध्ये डेप्टफर्ड येथील दुकानदार दांपत्याच्या खुनाच्या खटल्यात पैशांच्या पेटीवरील अंगठ्याचा ठसा निर्णायक महत्त्वाचा ठरला व दोघा स्ट्रॅटन बंधूंना फाशी देण्यात आले. ज्यांनी ही कल्पना प्रथम प्रसिद्ध केली, ते फोल्ड्स या खटल्यात बचाव पक्षाच्या बाजूस होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. एकाच बोटाच्या अपुऱ्या ठशावरून ओळख निश्चित करण्यास त्यांचा विरोध होता. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये जेनिंग्ज खटल्यात, घराच्या कठड्यावरील ओल्या रंगात उमटलेल्या ठशांचा पुरावा ग्राह्य ठरविला. त्यानंतर १९२३ मध्ये फ्राय खटल्यात, शास्त्रीय पद्धत त्या क्षेत्रात सर्वमान्य झालेली असली पाहिजे, अशी कसोटी तेथील एका न्यायालयाने घालून दिली. परंतु ती कसोटी रक्तदाबावरून खोटे बोलणे ओळखण्याच्या यंत्रासंबंधी होती. अंगुलिमुद्रांना ती द्यावी लागली नाही, कारण तोपर्यंत त्या सर्वमान्य झाल्याच होत्या.

निश्चिततेचे पर्व : यानंतरच्या काळात अंगुलिमुद्रा-तज्ञ ‘शंभर टक्के खात्री’च्या भाषेत साक्ष देऊ लागले. किती वैशिष्ट्यबिंदू—म्हणजे कंगोऱ्यांचे फाटे, शेवट, ठिपके इ.—जुळले असता ओळख पक्की धरावी, याविषयी देशोदेशी भिन्न संकेत पडले. फ्रान्समध्ये व्हीक्तॉर बाल्ताझार यांनी १९११ मध्ये केलेल्या गणितातून बाराच्या आसपासचा संकेत रूढ झाला. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ १६ बिंदूंचे प्रमाण होते. ते २००१ मध्ये सोडून देण्यात आले. भारतात कायद्याने अशी संख्या ठरविलेली नाही. एकाच ठशाला एका देशात पुरेसा व दुसऱ्या देशात अपुरा म्हणण्याची वेळ येते, यावरूनच हे आकडे निसर्गनियम नसून व्यवसायातील संकेत आहेत, हे उघड होते.

भारतीय सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये जसपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात अंगठ्याच्या ठशांची ओळख हे बिनचूक शास्त्र आहे, अशा आशयाचे विधान केले. हस्ताक्षराच्या बाबतीत मात्र १९८० मधील मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निर्णयात तज्ञाच्या मताकडे सावधपणे पाहण्याचा सल्ला देण्यात आला. दोन्ही मते एकाच कलमाखाली येत असून त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी अशी निराळी झाली होती.

आरोपीकडून ठसे घेणे हे त्याला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडणे होते काय, हा संविधानाच्या अनुच्छेद २० (३) खालील प्रश्न मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात १९६१ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठापुढे आला. ठसा हा व्यक्तीच्या ज्ञानातून दिलेली माहिती नसून तिच्या शरीराचे अपरिवर्तनीय लक्षण आहे. म्हणून तो घेण्याने अनुच्छेदाचा भंग होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. ठसे घेण्याचा पोलिसांचा अधिकार १९२० च्या कैदी ओळख अधिनियमावर आधारलेला होता.

हस्तांतर व जपणूक : भारतीय न्यायालयांनी या पुराव्याची खरी पारख केली, ती शास्त्रापेक्षा कार्यपद्धतीच्या बाजूने. घटनास्थळी ठसा सापडल्यापासून तो तज्ञाच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्याचा प्रवास पंचनामा, जप्ती, मोहोर, मुद्देमालाची नोंद व पाठवणी अशा टप्प्यांनी होतो. मोहंमद अमन विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जप्त वस्तूंत तपासणीपूर्वी फेरफार झाला नाही हे अभियोग पक्षाने सिद्ध केले नाही आणि नमुन्याचे ठसे दंडाधिकाऱ्यासमक्ष किंवा त्याच्या आदेशाने घेतले नाहीत, या कारणांनी हा पुरावा नाकारला. दंडाधिकाऱ्याचा आदेश प्रत्येक वेळी अनिवार्य नाही, असे २०१८ मध्ये सोनवीर खटल्यात स्पष्ट करण्यात आले. तथापि बनावटीचा संशय राहू नये म्हणून तो घेणे इष्ट, हे मूळ सूत्र टिकून राहिले. ठसा खरा असला, तरी तो खरोखरीच घटनास्थळाचा आहे, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. नमुना म्हणून घेतलेला ठसाच घटनास्थळाचा म्हणून पुढे केला गेला, तर तज्ञाची तुलना निर्दोष असूनही निष्कर्ष खोटा ठरेल.

विश्वासाला तडे : विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘तज्ञाची चूक होतच नाही’ या समजुतीस धक्के बसले. स्कॉटलंडमध्ये १९९७ मध्ये खून झालेल्या घरात सापडलेला ठसा एका महिला पोलीस अधिकाऱ्याचा आहे, असे तज्ञांनी सांगितले. आपण त्या घरात गेलोच नाही, असे तिने शपथेवर सांगितल्याने तिच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरण्यात आला. १९९९ मध्ये ती निर्दोष सुटली. त्याच प्रकरणात खुनाबद्दल शिक्षा झालेल्या आरोपीविरुद्ध वापरलेला एक ठसाही चुकीने ओळखला गेल्याचे आढळले व त्याची शिक्षा २००२ मध्ये रद्द झाली. याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०११ मध्ये, अंगुलिमुद्रा-पुरावा ही वस्तुस्थिती नसून मत आहे, असे समजावे, ही शिफारस केली. भारतीय कायद्यात हाच शब्द १८९९ पासून आहे.

मार्च २००४ मध्ये माद्रिद येथील रेल्वेगाड्यांत बाँबस्फोट झाले. तेथील एका पिशवीवरील ठसा संगणकीय संग्रहाशी ताडून पाहून अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने ऑरेगन राज्यातील एका वकिलास स्थानबद्ध केले. संस्थेच्या तज्ञांनी व न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ञानेही ओळख बरोबर असल्याचे सांगितले होते. स्पॅनिश पोलिसांनी मात्र तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखवून दिले. संस्थेस जाहीर क्षमा मागावी लागली. प्रचंड संग्रहातून संगणक सर्वांत जवळचे ठसे निवडून काढतो. त्यामुळे वेगळ्या माणसाचा, परंतु विलक्षण साम्य असलेला ठसा तज्ञापुढे येण्याचा संभव वाढतो. जुन्या काळी मोजक्या संशयितांशी तुलना होत असताना हा धोका कमी होता.

तज्ञाच्या मनावर बाह्य माहितीचा परिणाम होतो काय, याचीही परीक्षा घेण्यात आली. ईटिएल ड्रोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच अनुभवी तज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळतात म्हणून सांगितलेले ठसे, ते माद्रिद प्रकरणातील चुकीचे ठसे आहेत असे भासवून, पुन्हा देण्यात आले. पाचांपैकी चौघांनी आपले मत बदलले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १६९ तज्ञांची चाचणी घेण्यात आली. निरनिराळ्या बोटांचे ठसे एकच असल्याचे चुकीने सांगण्याचे प्रमाण त्यात सु. ०.१ टक्का, तर एकाच बोटाचे ठसे वेगळे असल्याचे चुकीने सांगण्याचे प्रमाण सु. ७.५ टक्के आढळले. पद्धत निरुपयोगी नाही, उलट बरीच चांगली आहे. परंतु ती शून्यदोष नाही, हे या आकड्यांवरून दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन परिषदेने २००९ मध्ये न्यायसाहाय्यक शास्त्रांची जी झडती घेतली, तिच्यातही निःसंशय खात्रीच्या भाषेला आधार नसल्याचे म्हटले आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डॉबर्ट खटल्यात शास्त्रीय पुराव्याची चाचणी झाली आहे काय, तिच्यात चुकीचे प्रमाण किती, ही न्यायाधीशाने पाहावयाची अंगे सांगितली होती. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका संघीय न्यायाधीशाने त्या आधारे, ठसे अमक्याचेच आहेत असे तज्ञाने सांगू नये, असा आदेश दिला. पण सुमारे दोन महिन्यांत तो स्वतःच मागे घेतला. शंभर वर्षे ग्राह्य धरलेला पुरावा एकाएकी दूर सारणे न्यायालयांना किती कठीण वाटते, हे यावरून ध्यानात येते.

सद्यःस्थिती व मूल्यमापन : भारतात राष्ट्रीय स्तरावरील अंगुलिमुद्रा कार्यालय १९८६ पासून राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या अखत्यारीत आहे व देशव्यापी संगणकीय ठसेसंग्रह २०२२ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने १९२० च्या कायद्याची जागा घेतली. त्यानुसार गोळा केलेल्या नोंदी ७५ वर्षे जतन करता येतात. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये जुन्या कलम ४५ ची तरतूद राहिली असून अंगुलिमुद्रांसंबंधीच्या तज्ञाच्या कथनास तेथेही ‘मत’च म्हटले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) ने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत शास्त्रीय तज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची व त्याचे चित्रीकरण करण्याची तरतूद केली आहे. ती लागू करण्यासाठी राज्य शासनांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. दुसरीकडे, अंगुलिमुद्रा कार्यालयाच्या संचालकाचा अहवाल त्यास साक्षीस न बोलाविताही पुराव्यात वाचता येतो, ही जुन्या संहितेच्या कलम २९३ मधील तरतूद नव्या संहितेतही आहे. तज्ञास बोलाविण्याचा न्यायालयास अधिकार असला, तरी तो वापरला गेला नाही तर मताची कारणे तपासण्याची संधी बचाव पक्षास मिळत नाही.

यावरून काही निष्कर्ष निघतात. मानवी बोटावरील कंगोरे जन्मभर बदलत नाहीत व ते व्यक्तिविशिष्ट असतात, या विधानाला बाधा आणणारे काही आढळलेले नाही. प्रमाद संभवतो तो त्वचेत नव्हे, तर पुसट ठशाचे वाचन करणाऱ्या माणसाच्या निर्णयात आणि वस्तू हाताळणाऱ्या यंत्रणेत. म्हणून तपासाची अन्य माहिती तज्ञापासून दूर ठेवणे, दुसऱ्या तज्ञाने पहिल्याचे मत न कळता स्वतंत्र तुलना करणे, न जुळणाऱ्या बिंदूंचीही नोंद करणे आणि चुकीचे ज्ञात प्रमाण न्यायालयास सांगणे, हे उपाय सुचविण्यात आले आहेत. गरीब आरोपीस स्वतःचा तज्ञ उभा करणे परवडत नाही. त्याच्या बाबतीत ही दक्षता हाच काय तो बचाव असतो. ठसा कोणाचा आणि गुन्हा कोणाचा, हे प्रश्न जलपैगुरीच्या न्यायालयाने १८९८ मध्ये अलग ठेवले. पुढील सव्वाशे वर्षांच्या अनुभवाने त्यात तिसऱ्याची भर घातली आहे : ठसा अमक्याचा आहे, असे जो सांगतो, त्याला ते कशावरून कळले?